जपानच्या ओन्सेन रियोकानमध्ये एकट्याने निवांत मुक्काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओन्सेन म्हणजे गरम पाण्याचा झरा आणि रियोकान म्हणजे ततामीच्या चटया अंथरलेली पारंपरिक सराई. दोन्ही एकत्र आले की दोन-तीन दिवस काही न करता घालवण्याची उत्तम सोय होते. एकट्या माणसाला मात्र बुकिंग, जेवण आणि आंघोळीची रीत या तीन ठिकाणी अडचण येते, म्हणून खालचे बरेचसे प्रश्न त्याभोवतीच आहेत.

एकट्या पाहुण्याला रियोकान खोली देतात का?

देतात, पण सगळे देत नाहीत आणि रोज देत नाहीत. रियोकानचा दर खोलीमागे नसून माणशी असतो, त्यात रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता धरलेला असतो. दोघांच्या किंवा चौघांच्या खोलीत एकच जण उतरला तर सराईचं अर्धंअधिक उत्पन्न बुडतं. शनिवारी आणि सुट्टीच्या आदल्या रात्री म्हणूनच बहुतेक जागा एकट्याला नकार देतात किंवा दर बराच चढवतात. रविवार ते गुरुवारच्या रात्री हीच खोली सहज मिळते.

२९ एप्रिल ते ५ मेचा गोल्डन वीक (लागोपाठच्या सुट्ट्यांचा आठवडा), ऑगस्टच्या मध्यावरचा ओबोन (पूर्वजांच्या स्मरणाचा सण) आणि नववर्षाचा आठवडा टाळा. त्या दिवसांत जपानी कुटुंबंच रियोकान भरून टाकतात आणि खोली मिळालीच तर निवांतपणा मिळत नाही.

खर्च किती येतो?

जुन्या, साध्या सराईत जेवणाशिवाय ५,००० ते ८,००० येनमध्ये रात्र निघते. दोन जेवणांसह बरी जागा १२,००० ते १८,००० येनपासून सुरू होते, चांगली २०,००० ते ३५,०००, आणि खोलीला स्वतःचं उघड्यावरचं कुंड हवं असेल तर ४०,००० च्या पुढे. एकट्यासाठी यात साधारण २,००० ते ५,००० येन वाढवून धरा. शिवाय स्नानकर लागतो, बहुतेक ठिकाणी माणशी दिवसाला १५० येन, आणि तो अनेकदा निघताना रोख घेतात. टीप द्यायची पद्धत नाही.

एक रात्र पुरते का?

जागा बघायची असेल तर पुरते, विश्रांती हवी असेल तर नाही. दुपारी ३ ला प्रवेश आणि सकाळी १० ला निर्गमन, हे रियोकानचं ठरलेलं वेळापत्रक. त्यातून जेवण, नाश्ता आणि झोप वजा केली की हातात सात-आठ तास उरतात आणि तेही घड्याळाकडे बघत जातात. पैसे तेवढेच असतील तर महागड्या जागी एक रात्र काढण्यापेक्षा मध्यम जागी लागोपाठ दोन रात्री घ्या. सलग मुक्कामाला जपानीत ‘रेन्पाकु’ म्हणतात, आणि काही ठिकाणी त्यावर सूटही असते.

मधल्या दिवसाबद्दल दोन गोष्टी आधी विचारून ठेवा. सकाळी १० ते दुपारी २-३ या वेळात कुंडं सफाईसाठी बंद असतात का, आणि दुपारी आसपास जेवायला काही मिळतं का. रियोकान दुपारचं जेवण सहसा देत नाहीत आणि डोंगरातल्या गावात एकमेव सोबा-नूडल्सचं दुकान बुधवारी बंद निघू शकतं.

पहिल्यांदा जाताना कुठलं गाव निवडावं?

एकट्यासाठी गाव पायी फिरण्याजोगं असावं. गाडीशिवाय हलता येत नाही अशा एकांड्या सराईत पाऊस लागला की माणूस खोलीत अडकतो.

किनोसाकी (ह्योगो प्रांत) पहिल्या खेपेला सर्वांत सोयीचं. क्योतोहून थेट एक्स्प्रेसने सुमारे अडीच तास, आणि स्टेशनातून बाहेर पडलं की गाव सुरू. इथे सात सार्वजनिक स्नानगृहं आहेत आणि गावात मुक्काम करणाऱ्याला सातांचाही पास सराईतूनच मिळतो. युकाता (सुती अंगरखा) आणि लाकडी गेता (खडावा) घालून, विलोच्या झाडांखालून, एका स्नानगृहातून दुसऱ्यात जायचं हाच इथला कार्यक्रम. एकटं असल्याचं अवघडलेपण त्यात राहत नाही. प्रत्येक स्नानगृहाचा आठवड्याचा सुट्टीचा वार वेगळा असतो. नोव्हेंबर ते मार्च खेकड्यांचा हंगाम, तेव्हा जेवणासकट दर भडकतात. खेकडा खात नसाल तर त्या महिन्यांत जेवणाचे पैसे भरण्यात अर्थ नाही.

कुसात्सु (गुन्मा प्रांत) पाण्यासाठी प्रसिद्ध आहे. गावाच्या मधोमध युबाताके या लाकडी पन्हळींतून झऱ्याचं पाणी निववत नेतात. पाणी तीव्र आम्लधर्मी, पीएच २ च्या आसपास, आणि कडक गरम. तोक्योच्या उएनोहून रेल्वेने नागानोहारा-कुसात्सुगुची स्टेशन, तिथून बसने सुमारे २५ मिनिटं. नाजूक त्वचेच्या माणसाने पहिली निवड कुसात्सुची करू नये.

हाकोने तोक्योच्या शिंजुकूहून रोमान्सकार गाडीने दीड तासाच्या आत येतं, इंग्रजी बोलणारे भेटतात आणि खासगी कुंडांच्या खोल्या भरपूर. पण गर्दी आणि दर दोन्ही जास्त. क्यूशूतलं कुरोकावा देखणं आहे. १९८६ पासून तिथे लाकडी पासावर वेगवेगळ्या सरायांच्या तीन कुंडांत डुंबता येतं. मात्र फुकुओकाहून बसला सुमारे तीन तास लागतात आणि फेऱ्या मोजक्या असतात. नागानोतल्या शिबुमध्ये मुक्कामी पाहुण्याला गावच्या नऊ छोट्या स्नानगृहांची किल्ली देतात, पाणी मात्र बरंच गरम.

खऱ्या अर्थाने काही न करण्यासाठी ईशान्येकडची ‘तोजी’ची ठिकाणं बघा. तोजी म्हणजे औषधासारखं दिवसेंदिवस केलेलं झऱ्याचं स्नान. शेतीची कामं संपली की शेतकरी आठवडाभर इथे येऊन राहत, स्वतःचा स्वयंपाक स्वतः करत. मियागीतलं नारुको आणि इवाते प्रांतात हानामाकीजवळचं ओसावा इथे सामायिक स्वयंपाकघर असलेल्या साध्या खोल्या अजूनही मिळतात. भिंती पातळ, संडास बाहेर, दर कमी, आणि एकटा पाहुणा ही तिथे नवलाची गोष्ट नाही.

बुकिंग करताना नेमकं काय बघायचं?

जालान, राकुतेन ट्रॅव्हल किंवा इक्क्यू या जपानी साइटवर प्रौढ संख्या १ ठेवूनच शोधा. दोन ठेवून शोधलं आणि मग एक केलं की खोल्या गायब होतात, आणि आवडलेली जागा हातची गेल्याची हळहळ तेवढी उरते. आंतरराष्ट्रीय साइटवर खोली दिसली नाही तर रियोकानची स्वतःची साइट बघा. ‘हितोरी-ताबी’ म्हणजे एकट्याच्या प्रवासाची योजना बऱ्याचदा फक्त तिथेच असते.

मग योजनेतले शब्द तपासा. ‘इप्पाकु निशोकु’ म्हणजे एक रात्र व दोन जेवणं, ‘सुदोमारी’ म्हणजे फक्त खोली. खोली किती ‘जो’ची ते बघा (एक जो म्हणजे एका ततामी चटईएवढी जागा): ६ जो एकट्याला पुरते, ८ जो ऐसपैस. संडास खोलीत आहे की मजल्यावर सामायिक, हेही बघा, कारण जुन्या लाकडी इमारतींत रात्री दोन वाजता थंड व्हरांड्यातून चालत जावं लागतं.

विनंतीच्या रकान्यात पोचण्याची वेळ, आहाराचे निर्बंध आणि स्टेशनवरून गाडी हवी का हे लिहा. सरायांच्या गाड्या आगाऊ कळवल्याशिवाय येत नाहीत. जेवण घेतलं असेल तर संध्याकाळी ६ च्या आत पोचा. उशीर झाला तर जेवण बंद होतं, पैसे परत मिळत नाहीत, आणि त्या वेळी गावात दुसरं काही उघडं नसतं.

शाकाहारी माणसाचं काय होतं?

इथे सगळ्यात जास्त गडबड होते, आणि ती मांसापेक्षा दाशीमुळे होते. दाशी म्हणजे वाळवलेल्या बोनितो माशाचे कीस आणि कोंबू शैवाल यांचं सार. मिसो सूप, उकडलेल्या भाज्या, अंड्याची गुंडाळी, तेम्पुराबरोबरचं पातळ सॉस, टोफूवरचा रस, सगळ्यात ते असतं. ‘मी शाकाहारी’ एवढंच सांगितलं तर स्वयंपाकी मासे-मांसाचे तुकडे काढून तेच सार वाढतो, आणि त्याच्या दृष्टीने त्याने विनंती पाळलेली असते.

म्हणून बुकिंगच्या वेळीच स्पष्ट लिहा: ‘निकु तो साकाना वा ताबेरारेमासेन. कात्सुओ-दाशी मो दामे देसु.’ मांस-मासे चालत नाहीत, बोनितोचं सारही नको, असा त्याचा अर्थ. अंडं आणि दूध चालतं का तेही कळवा. दारूचा थेंबही चालत नसेल तर मिरिन (स्वयंपाकातली गोड तांदळाची दारू) आणि साके (तांदळाची दारू) हे दोन शब्द वेगळे लिहा, कारण मुरवण्यात आणि रश्शांत दोन्ही असतात. हे सगळं पोचल्यावर सांगून उपयोग नाही. रात्रीच्या दहा-बारा पदार्थांची तयारी आदल्या दिवसापासून सुरू असते. लहान सरायांनी ‘जमणार नाही’ असं कळवलं तर वाईट वाटून घेऊ नका, तो प्रामाणिक नकार आहे.

कांदा-लसूणही न खाणाऱ्यांनी आणि जैनांनी सरळ सुदोमारी घ्यावी. शोजिन र्‍योरी हे बौद्ध मठांचं शाकाहारी जेवण उत्तम असतं, पण ते प्रामुख्याने कोयासानसारख्या ठिकाणच्या मंदिर-निवासात मिळतं. तिथला मुक्काम वेगळा जोडता येईल.

सोबत काय न्यावं? शिजवलेल्या भाज्या-वरणाची बंद पाकिटं, मेतकूट, चटणी, भाजणीचे पदार्थ, चिवडा. दुकानात शिजलेल्या भाताचे डबे मिळतात, तिथल्याच मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटांत गरम होतात. खोलीत पाणी तापवायची किटली असतेच. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता आणि मांसाचे पदार्थ जपानमध्ये नेऊ नका. सुट्या डाळी आणि बियाणंही तपासणीच्या कचाट्यात येतं. तोजीच्या स्वयंपाकघरात खिचडी करायची असेल तर डाळ-मसाले तोक्योतल्या शिन-ओकुबोच्या दुकानांतून घ्या. नाश्त्यातही सावध राहा: चव लावलेल्या नोरीत (वाळवलेल्या शैवालाच्या पानांत) आणि नात्तोबरोबरच्या (आंबवलेल्या सोयाबीनबरोबरच्या) सॉसच्या पुडीत बहुधा माशाचा अर्क असतो.

पोचल्यावर काय काय होतं?

बूट दारात काढायचे. जपानमध्ये पत्ता नसलेल्या परदेशी पाहुण्याच्या पासपोर्टची प्रत घेतात. खोलीत ग्रीन टी आणि एखादी छोटी मिठाई ठेवलेली असते, ती आंघोळीआधी खा. रिकाम्या पोटी गरम पाण्यात बसलं की भोवळ येते. सपाता ततामीवर नेऊ नका, आणि संडासातल्या वेगळ्या सपाता घालून बाहेर येऊ नका. चित्र किंवा फुलं ठेवलेल्या कोनाड्यात बॅग ठेवायची नसते.

युकाता घालताना डावी बाजू उजवीवर येते. उलटी बाजू प्रेताला नेसवतात, त्यामुळे चुकलं तर कर्मचारी हसून का होईना, पण लगेच दुरुस्त करतात. तुम्ही जेवायला गेलात की तेवढ्यात गादी अंथरली जाते. ते नको असेल तर आधी सांगता येतं.

कुंडात उतरायची रीत काय? खरंच काहीच घालायचं नाही?

खरंच नाही. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांत आपण कपड्यांसकट उतरतो. इथे सामायिक कुंडात स्विमिंग सूटही चालत नाही, फक्त स्त्री-पुरुषांची कुंडं वेगळी असतात. पडदा निळा आणि त्यावर 男 हे चिन्ह असेल तर पुरुषांचं, तांबडा आणि 女 असेल तर स्त्रियांचं. काही सरायांत रात्री किंवा पहाटे दोन्ही बाजू बदलतात. काल गेलात तो दरवाजा आज दुसऱ्यांचा असू शकतो, दर वेळी पडदा वाचा.

कपडे परडीत ठेवा, मौल्यवान वस्तू खोलीतल्या तिजोरीत. फोन बाहेरच. छोटा टॉवेल घेऊन आत जा आणि नळासमोरच्या बुटक्या स्टुलावर बसून साबणाने पूर्ण अंग धुवा. उभ्याने धुतलं की शिंतोडे शेजाऱ्यावर उडतात. डोक्याला तेल लावलं असेल तर त्या दिवशी केसही धुवावे लागतात, कारण तेलाचा तवंग सामायिक पाण्यावर दिसतो. फेस पूर्ण जाऊ द्या, स्टूल धुऊन ठेवा, लांब केस बांधा.

मग बादलीने कुंडातलं पाणी पायांपासून वर खांद्यांपर्यंत आठ-दहा वेळा ओता. याला ‘काकेयु’ म्हणतात. शरीर आधी तापवलं नाही तर रक्तदाब एकदम वर-खाली होतो, हिवाळ्यात बाहेरच्या कुंडाशी तर विशेषच. सावकाश उतरा, छोटा टॉवेल पाण्यात बुडवू नका, घडी करून डोक्यावर ठेवा. पोहणं, डुबकी, कपडे पिळणं नाही. बाहेर आल्यावर कपडे बदलायच्या खोलीत शिरण्याआधी अंग टॉवेलने टिपा, नाहीतर सगळी जमीन ओली होते.

नग्नतेचा संकोच पहिल्या पाच मिनिटांचा असतो, कारण कुणी कुणाकडे बघत नाही. तरी जमणार नसेल तर ‘काशिकिरी’ म्हणजे ४०-५० मिनिटांसाठी एकट्याला राखून मिळणारं कुंड घ्या. ते फुकटपासून ३,००० येनपर्यंत असतं.

किती वेळ आणि किती वेळा बसावं?

बहुतेक कुंडं ४० ते ४२ अंशांची असतात. त्यात पाच ते दहा मिनिटं, मग काठावर बसून थंड होणं, मग पुन्हा. पहिल्या दिवशी दोनदा पुरे, नंतरही तीनच्या वर जाऊ नका. पैसे वसूल करायला दिवसात पाच-सहा वेळा उतरणाऱ्याला ‘यु-आतारी’ होते: अंग जड, डोकं दुखतं, मळमळतं, झोप येत नाही. ते झालं की एक पूर्ण दिवस पाण्यापासून दूर राहणं हाच इलाज.

एक जमणारी आखणी अशी: साडेतीन-चारला पहिलं स्नान, सहाला जेवण, जेवणानंतर दीड-दोन तास थांबून रात्री नऊला दुसरं, आणि पहाटे सहाला तिसरं. पहाटेच्या वेळी कुंड बहुधा मोकळं मिळतं. जेवताना साके घेतली असेल तर रात्रीचं स्नान सोडा. आधी आणि नंतर एकेक पेला पाणी प्या, उठताना कठडा धरा. एकट्या माणसाने हे जास्त पाळावं, कारण चक्कर आली तर सोबत कुणी नसतं.

३६ ते ३८ अंशांचं कोमट कुंड असेल तर ते निवडा. त्यात अर्धा तासही बसवतं, आणि शिणवटा जायला तेच चांगलं. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, ताप किंवा उघडी जखम असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गरोदरपण हे २०१४ मध्ये जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने निषिद्धांच्या यादीतून काढलं आहे, तरी निसरड्या फरशीची आणि उष्णतेची काळजी घ्यावीच लागते.

पाणी खरंच झऱ्याचं आहे हे कसं कळतं?

१९४८ च्या कायद्यानुसार उगमाशी २५ अंश किंवा त्याहून गरम, अथवा ठरलेल्या १९ घटकांपैकी एक तरी पुरेशा प्रमाणात असलेलं पाणी ओन्सेन ठरतं. म्हणजे थंड झऱ्याचं पाणी तापवून दिलं तरी ते ओन्सेनच. २००४ मध्ये नागानोतल्या शिराहोने इथे पाण्याला दुधाळ रंग यावा म्हणून स्नानचूर्ण घातलं जात असल्याचं उघड झालं. त्यानंतर २००५ पासून पाणी मिसळलं का, तापवलं का, तेच फिरवून वापरतात का आणि निर्जंतुक करायला काही घालतात का, हे लावणं बंधनकारक झालं. कपडे बदलायच्या खोलीत भिंतीवर तो तक्ता असतो, वाचून बघा. ‘गेन्सेन काकेनागाशी’ म्हणजे झऱ्याचं पाणी सतत आत येतं आणि वाहून जातं. बुकिंगच्या पानावर हा शब्द असेल तर बहारदार देखाव्याच्या फोटोपेक्षा त्याला जास्त वजन द्या.

जोडवी, मंगळसूत्र, लेन्स यांचं काय?

गंधकाच्या पाण्यात चांदी मिनिटांत काळी पडते. जोडवी, पैंजण, चांदीची साखळी खोलीत काढून ठेवा. शुद्ध सोन्याला फारसं होत नाही, पण दागिन्यातल्या तांब्या-चांदीच्या भेसळीवर डाग येऊ शकतो. कॉन्टॅक्ट लेन्स काढा. आम्लधर्मी पाण्याआधी दाढी किंवा वॅक्सिंग केलं तर चांगलंच चुरचुरतं. असं पाणी डोळ्यांत जाऊ देऊ नका, आणि त्वचा नाजूक असेल तर शेवटी साध्या पाण्याने धुवा. कोबेजवळच्या आरिमाचं लोहयुक्त तांबूस पाणी पांढऱ्या टॉवेलला कायमचं लागतं.

गोंदण किंवा टॅटू असेल तर?

बऱ्याच सामायिक कुंडांत अजूनही मनाई आहे. छोटा असेल तर त्वचेच्या रंगाच्या चिकटपट्टीने झाकायला काही जागा परवानगी देतात. किनोसाकीच्या सार्वजनिक स्नानगृहांत टॅटू चालतो. हातावरचं पारंपरिक गोंदण त्यांच्या लेखी टॅटूच, आणि गडद मेंदीही तशी वाटू शकते. आधी विचारून घ्या किंवा काशिकिरी कुंड ठरवा.

पाळी आली तर?

सामायिक कुंड टाळायचं, अशीच तिथली अपेक्षा आहे. तारखांचा अंदाज नसेल तर खोलीत स्वतःचं स्नानगृह असलेली खोली घ्या. काशिकिरी कुंडाचेही नियम जागेनुसार वेगळे, म्हणून विचारा.

एकट्या बाईने जाणं सुरक्षित आहे का?

हो, आणि एकट्या येणाऱ्या जपानी बायकांसाठी वेगळ्या योजनाही असतात. स्त्री-पुरुष एकत्र असलेलं ‘कोन्योकु’ कुंड आहे का तेवढं तपासा. असेल तर बायकांसाठी राखीव वेळ विचारा. जेवणघरात एकटं बसणं नको वाटत असेल तर खोलीत जेवण देणारी जागा निवडा.

व्हिसा, पैसे आणि मोठी बॅग?

भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो. ई-व्हिसा मिळाला असेल तर विमानतळावर तो इंटरनेट चालू असलेल्या फोनवर उघडून दाखवावा लागतो, स्क्रीनशॉट चालत नाही.

छोट्या गावांत कार्ड चालेलच असं नाही. शहरातून निघण्यापूर्वी सेव्हन-इलेव्हनच्या एटीएममधून रोख काढा. मोठी बॅग आदल्या दिवशी शहरातल्या हॉटेलच्या काउंटरवरून ‘ताक्क्युबिन’ या सामान पोचवणाऱ्या कुरिअर सेवेने पुढच्या शहरातल्या हॉटेलकडे पाठवा. बहुतेक मार्गांवर ती दुसऱ्या दिवशी पोचते, दुर्गम भागात आणखी एक दिवस धरा. पत्त्याच्या चिठ्ठीवर तुमची मुक्कामाची तारीख लिहा, नाहीतर बॅग आधी पोचून हॉटेल ती घ्यायला नकार देऊ शकतं. सराईत युकाता, टॉवेल, साबण, शाम्पू सगळं असतं. दोन दिवसांची अंतर्वस्त्रं, औषधं, एक गरम कपडा आणि खाण्याची पाकिटं एवढंच पाठीवरच्या पिशवीत न्या.